पडद्यामागची ऊब

सौर बंबावरचा लेख वाचून साताऱ्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती सातवीत आहे. ती विचारते, ‘उन्हानं आधी पाणी तापवायचं आणि मग त्या पाण्यानं आपण गरम व्हायचं, एवढा उपद्व्याप कशाला? उन्हानं सरळ हवाच तापवून खोलीत सोडली तर?’ प्रश्न फक्कड आहे. पण खरी गंमत पत्राच्या तळाशी आहे. तिथं तिच्या बाबांनी वेगळ्या शाईत लिहिलंय, ‘आमच्याकडे हवा गार कशी करायची याची विवंचना, आणि हिला ती गरम करायची आहे!’

दोघांचंही बरोबर आहे. आधी लेकीला उत्तर देऊ, बाबांकडे शेवटी येऊ.

तुमच्या घरात ऊन येणाऱ्या खिडकीला गडद रंगाचा पडदा आहे का? असेल तर भर उन्हाच्या वेळी खिडकी बंद ठेवा आणि पडद्याच्या वरच्या कडेशी हात धरा. काच आणि पडदा यांच्या मधून गरम हवा वर येताना हाताला लागेल. अमेरिकेतल्या सेलम गावच्या एडवर्ड मोर्स यांना नेमकं हेच जाणवलं होतं. हे काही इंजिनिअर नव्हते बरं का! ते होते प्राणिशास्त्रज्ञ, शंखशिंपल्यांचे अभ्यासक. १८७७ मध्ये ते जपानला गेले. तिथं आगगाडीच्या खिडकीतून त्यांना शिंपल्यांचा एक ढीग दिसला आणि त्यातून त्यांनी प्राचीन माणसांची वस्ती उकरून काढली. खिडकीशी बसून नीट बघायची या माणसाला सवयच असावी. पडद्याची गंमत पाहिल्यावर त्यांनी एक साधी पेटी तयार केली. मागे काळी केलेली पाटीच्या दगडाची फरशी, पुढे काच, मध्ये थोडी जागा. ही पेटी इमारतीच्या उन्हाकडच्या भिंतीवर बाहेरून बसवायची आणि भिंतीला खाली एक व वर एक अशी दोन भोकं ठेवायची. खोलीतली गार हवा खालच्या भोकातून पेटीत शिरते, तापते, हलकी होते आणि वरच्या भोकातून खोलीत परत येते. पंखा नाही, मोटार नाही. विज्ञानाच्या पुस्तकात ‘अभिसरण’ म्हणून जो शब्द आपण घोकतो, तो इथं फुकटात काम करतो. १८८१ मध्ये मोर्स यांनी याचं पेटंट घेतलं.

हे तुम्हाला करूनही पाहता येईल. बुटांचं रिकामं खोकं घ्या. आतून काळा कागद चिकटवा. झाकणाऐवजी वहीला घालतो तसलं पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चिकटपट्टीनं पक्कं करा. खोक्याच्या मागच्या बाजूला अगदी खाली एक आणि अगदी वर एक, रुपयाएवढं भोक पाडा. खोकं उन्हाकडे तोंड करून उभं ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग घरातल्या मोठ्या माणसाला उदबत्ती पेटवून खालच्या भोकाजवळ धरायला सांगा (जवळ, आत नव्हे, खोकं कागदाचं आहे!). धूर आत ओढला जातो आणि वरून बाहेर पडतो. नंतर काळ्याच्या जागी पांढरा कागद लावून हाच प्रयोग पुन्हा करा. काय फरक पडला, ते वहीत लिहून ठेवा.

आता हिशेब बघू. लख्ख उन्हात, उन्हाकडे सरळ तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर साधारण एक हजार वॅट ऊर्जा पडते. म्हणजे घरातल्या एका छोट्या हीटरएवढी. त्यातली निम्मी पदरात पडली तरी पुष्कळ झालं. मग सगळेच असं का करत नाहीत? कारण हवा हा फार दुबळा हमाल आहे. एक लिटर पाणी जेवढी उष्णता वाहून नेतं, तेवढी वाहायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. गरम पाणी बोटभर नळीतून चौथ्या मजल्यावर नेता येतं, पण गरम हवा तशी लांब नेता येत नाही आणि साठवूनही ठेवता येत नाही. म्हणून ती जिथं हवी, तिथल्याच भिंतीवर तापवावी लागते. पण या हमालाचा एक मोठा गुणही आहे. तो गोठत नाही. कडाक्याच्या थंडीत पाण्याचे पाइप गोठून फुटतात. हवेला ती भीतीच नाही.

असा कडाका आपल्या देशात कुठं? लडाखमध्ये. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचावर आहे. हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत उतरतो. तिथं शाळेला सर्वांत मोठी सुट्टी असते ती हिवाळ्यात. कारण सरळ आहे. वर्गात बसवत नाही. लडाख हे थंड वाळवंट असल्यानं झाडं कमी, म्हणजे लाकूडही कमी. बुखारी नावाची शेगडी पेटवावी तर इंधनाचा खर्च आणि खोलीत धूर. मात्र एक गोष्ट तिथं भरपूर आहे, ती म्हणजे ऊन. हिमालयाच्या पलीकडे पाऊस पोचत नाही, ढग फारसे येत नाहीत. वर्षातले तीनशेहून अधिक दिवस आकाश मोकळं असतं.

आणखी एक गोष्ट लडाखच्या बाजूची आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो हे तुम्हाला माहीत आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी लेहमध्ये तो क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो. म्हणजे ऊन छपरावर तिरकं आणि दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ समोरून पडतं. जूनमध्ये तोच सूर्य ७९ अंशांवर, जवळपास डोक्यावर येतो. तेव्हा भिंतीवर छोटीशी पागोळी पुढे काढली तरी सावली मिळते. हिवाळ्यात ऊन घ्यायचं आणि उन्हाळ्यात टाळायचं, हे दोन्ही एकाच भिंतीला जमतं.

मोर्स यांची कल्पना पुढे फ्रान्सच्या फेलिक्स त्रोंब यांनी सुधारली. पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो इथं १९६७ मध्ये त्यांनी एका वास्तुविशारदाच्या मदतीनं असं घर बांधलं, की त्याची जाड भिंतच काळी आणि तिच्यासमोर काच. पातळ फरशी ऊन गेलं की गार पडते. जाड भिंत मात्र दिवसभर ऊन पीत राहते. तिच्यातली उष्णता हळूहळू आत सरकते आणि आतल्या बाजूला पोचायला तिला आठ-दहा तास लागतात. म्हणजे दुपारची ऊब रात्री अंथरुणाशी हजर! तिला ‘त्रोंब भिंत’ म्हणतात आणि लडाखमध्ये आज अशा पुष्कळ भिंती आहेत.

आता लेहजवळच्या शे गावी जाऊ. तिथली एक शाळा तुम्ही पाहिलेली आहे, प्रत्यक्ष नाही तर पडद्यावर. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ या सिनेमात शेवटी दिसते ती! तिचं नाव द्रुक पद्म कर्पो, यातल्या पद्म कर्पोचा अर्थ पांढरं कमळ. सिनेमामुळे लोक ती बघायला जातात, पण बहुतेक जण जे बघत नाहीत ते मला सांगायचं आहे. या शाळेत वर्गांच्या इमारती आणि वसतिगृहं वेगवेगळ्या दिशांना तोंड करून आहेत. वसतिगृहांचं तोंड बरोबर दक्षिणेला, आणि त्यांना त्रोंब भिंती. वर्ग मात्र तिथून ३० अंश पूर्वेकडे वळवलेले, आणि त्यांना जाड भिंतीऐवजी मोठाल्या काचा. का बरं? लेख बाजूला ठेवून मिनिटभर विचार करा.

केलात? वर्गात मुलं सकाळी येतात. त्यांना ऊब हवी असते ती पहिल्या तासाला. ऊन काचेतून सरळ आत आलं पाहिजे आणि लवकर आलं पाहिजे, म्हणून तोंड पूर्वेकडे वळवलेलं. आणि संध्याकाळी वर्ग रिकामाच असतो, तो गार पडला तर बिघडलं कुठं? वसतिगृहाचं उलट. तिथं मुलं दिवसा नसतात, ऊब हवी रात्री. तिथं ती आठ-दहा तास उशिरा पोचणारी भिंतच कामाची. इमारत कोण, किती वाजता वापरणार, हे आधी विचारून मग भिंत बांधली. मला वाटतं, काच आणि काळ्या रंगापेक्षा हा प्रश्नच मोठा. आणि तो विचारायला विसरलं, की महागडी यंत्रणासुद्धा नुसती शोभेची होते.

त्रोंब भिंतीची एक खोडही सांगायला हवी. रात्री काच बर्फासारखी गार होते. तिच्यामागची हवा गार होऊन जड होते, खाली उतरते आणि खालच्या भोकातून खोलीत शिरते. खोलीतली गरम हवा वरच्या भोकातून काचेकडे ओढली जाते. म्हणजे उलटी गंगा! दिवसभर कमावलं ते रात्रीत घालवलं. म्हणून ऊन उतरलं की कुणीतरी आठवणीनं भोकांच्या झडपा लावायच्या. एका घरात हे जमतं. पण दवाखान्यात, कचेरीत, शाळेत ‘कुणीतरी’ म्हणजे नक्की कोण? शिपाईकाका सुट्टीवर असले की झालं! यावर एक सोपा उपाय आहे. भोकाला जाळी बसवायची आणि तिच्यावर पातळ प्लॅस्टिकचा पडदा नुसता वरच्या कडेनं लटकवायचा. दिवसा हवेच्या झोतानं तो उचलला जातो. रात्री हवा उलटी वाहू लागली, की तोच जाळीला चिकटून भोक बंद करतो. चार आण्याचा शिपाई, कधी रजा नाही.

कारखान्यांची गोष्ट वेगळी. कॅनडात कडक हिवाळा असतो आणि मोठाल्या कारखान्यांत रंगाचा वास, वेल्डिंगचा धूर बाहेर काढावाच लागतो. धुरासोबत गरम हवाही जाते आणि तिच्या जागी उणे दहा-वीस अंशांची हवा आत घ्यावी लागते. ती तापवण्यात केवढा गॅस जळत असेल! तिथल्या तंत्रज्ञांनी काच काढूनच टाकली. दक्षिणेच्या भिंतीपासून वीतभर पुढे गडद रंगाचा पत्रा उभा केला आणि त्याला हजारो बारीक भोकं पाडली, एक-दोन मिलिमीटरची. उन्हानं पत्रा तापला, की त्याला चिकटून गरम हवेचा पातळ थर तयार होतो. एरवी तो वाऱ्यानं उडून जातो. इथं पंखा तो भोकांतून आत ओढून घेतो. बाहेरची हवा आत शिरता शिरताच कोमट होते. उरलेलं काम गॅसनं करायचं. भिंतीतून निसटणारी आतली ऊबही त्याच वाटेनं परत मिळते. मॉन्ट्रियलमधल्या विमानं बनवणाऱ्या एका कारखान्यावर १९९० च्या दशकात अशी हजारो चौरस मीटरची भिंत उभी राहिली. इथं रात्रीचा आणि साठवणीचा प्रश्न थोडा मागे पडतो, कारण ताज्या हवेची गरज कामाच्या वेळेत, आणि बरंचसं काम दिवसा.

ढगाळ दिवसाचं काय, असं तुम्ही विचाराल. त्या दिवशी हात चोळत बसायचं किंवा शेगडी पेटवायची, दुसरं काही नाही. काश्मीरच्या खोऱ्यात हिवाळ्यात ढग जास्त, म्हणून तिथं लडाखइतका फायदा होत नाही. शिवाय दारं-खिडक्यांना फटी असतील, तर आधी त्या बुजवायच्या. भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरून काय उपयोग?

आता बाबांकडे वळू. काका, मोर्स यांच्या पेटंटचं नावच मुळी ‘सूर्यकिरणांनी खोल्या ऊबदार करणे व त्यांत हवा खेळवणे’ अशा अर्थाचं आहे. पेटीचं वरचं तोंड खोलीऐवजी बाहेर आकाशाकडे उघडायचं. मग तीच पेटी धुराड्यासारखी काम करते. आतली हवा तापून बाहेर पळते आणि तिच्या जागी समोरच्या खिडकीतून नवी हवा खोलीत येते. अट एकच. ती खिडकी उत्तरेची, सावलीतली हवी. नाहीतर मे महिन्यात बाहेरची चाळीस अंशांची हवा तुम्ही आपल्या हातानं घरात आणाल! आणि आपल्याकडे गरम हवेला गिऱ्हाईकच नाही असं समजू नका. सौर शुष्ककात टोमॅटो, कांदा, आलं वाळतं ते अशाच हवेनं, तेही धुळीशिवाय. निलगिरीतल्या चहाच्या काही कारखान्यांनी छपरावर हवा तापवून पानं वाळवताना लाकूड वाचवलं आहे.

साताऱ्याच्या मैत्रिणीला आमचं एक काम. तुझ्या शाळेच्या वर्गात कोणत्या खिडकीतून, किती वाजता, किती वेळ ऊन येतं, हे एक आठवडा टिपून ठेव आणि आम्हाला कळव. घड्याळ आणि होकायंत्र एवढंच लागेल. होकायंत्र नसेल तर सूर्य उगवतो ती बाजू धर, पण डिसेंबरमध्ये तो बरोबर पूर्वेला उगवत नाही, हे लक्षात ठेव.