गणपतीचा हंगाम आणि शाळेचा हजेरीपट

आषाढ सरत आला की हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यातल्या कारखान्यांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. साच्यातून निघालेल्या मूर्ती घासायच्या, रंग मारायचा, डोळ्यांची आखणी करायची, सगळी घाई याच दिवसांत. पेणचे गणपती मुंबई-पुण्याला जातात, परदेशातही जातात. त्याचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. पण याच दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात, त्याविषयी सहसा कुणी बोलत नाही.

आणि बोलतात तेव्हा भांडूनच बोलतात. गुरुजींचा निरोप येतो, "पोरगं आठ दिवस झाले आलं नाही, कामाला जुंपलंय काय?" घरून उत्तर जाते, "गुरुजी, वरसाचा पैसा या दोनच महिन्यान येतो. चार दिवस नाय आला तर काय बुडतंय?" दोघांचेही खोटे नाही. पण मग निरोपाची भाषा चढते. मुलाला वर्गात चारचौघांत बोलणी बसतात. बाप तावातावाने शाळेत येतो. पुढे पंचायत समितीत अर्ज, नाहीतर सरळ दाखला काढून इंग्रजी शाळेची गाडी. पट घसरला की शिक्षकाचे पद जाते. म्हणजे भांडण दोन माणसांचे आणि शाळा पांगळी होते साऱ्या गावाची.

याबाबत कायदा काय म्हणतो, हे दोन्ही बाजूंनी एकदा नीट पाहावे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालचे मूल आपल्या घरच्या धंद्यात हातभार लावू शकते, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचे नसेल तरच. दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीला लावणे हा गुन्हाच आहे. तेव्हा "आमचं पोर, आमचा कारखाना" एवढ्याने भागत नाही. प्लास्टरची धूळ आणि फवाऱ्याचा रंग जिथे उडतो तिथे तर मूल नकोच.

दुसऱ्या बाजूला १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा शिक्षकालाही बांधतो. मुलाला मारणे सोडाच, त्याला मानसिक त्रास देण्यालाही मनाई आहे. पालकांना नियमित भेटून हजेरी आणि प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. भेट म्हणजे मुलाच्या हाती धाडलेली तंबी नव्हे. गुरुजी एकदा कारखान्यात येऊन बसले, तर ज्या पोराला वर्गात अपूर्णांक कळत नाही तेच पोर दोन फुटी मूर्तीला रंग किती लागेल ते कसे सांगते, हेही त्यांना दिसेल.

मग मार्ग काय? तो कायद्यातच आहे, फक्त आपण तो कपाटात ठेवला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, निम्म्या महिला असतात, अध्यक्ष पालकांतलाच असतो. बैठक दर महिन्याला व्हायची असते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी वही घरोघरी फिरते आणि सही होते. भांडण मिटवायची जागाच अशी रिकामी राहिली, तर ते रस्त्यावर येणार नाही तर काय होणार?

जूनच्या पहिल्याच बैठकीत हंगामाचा विषय घ्यावा. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी कमी करून गणेशोत्सवासारख्या सणाला ती देण्याची सोय आहे, त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यातले काही दिवस सणाच्या आधी मिळावेत, असा ठराव समितीने करून पाठवावा. मात्र पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे, त्यात तडजोड नाही. कारखानदारांनीही शब्द द्यावा की शाळेच्या वेळेत पोर कारखान्यात दिसणार नाही. बुडालेला अभ्यास कोण, कधी भरून काढणार, तेही वहीत लिहावे. आणि बैठक संध्याकाळी ठेवावी. रंगकामाला बसलेली बाई सकाळी अकराला शाळेत कशी येणार?

एवढे करूनही मिटले नाही, तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा, असे कायदा सांगतो. पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. हा हक्क जरूर वापरावा, पण शेवटी. कारण अर्ज जिंकला तरी दुसऱ्या दिवशी पोराला त्याच वर्गात त्याच गुरुजींसमोर बसायचे असते.

कुणी म्हणेल, ही शाळेची माघार झाली. तसे नाही. शेतकऱ्याच्या गावात शाळेला लावणीचे दिवस माहीत असतात, मग मूर्तिकारांच्या गावात हंगाम का माहीत नसावा? आणि आपल्या पोराने उद्या कारखान्याचा हिशेब, बँकेचे कर्ज, व्यापाऱ्याचा करार स्वतः वाचावा असे ज्याला वाटते, त्या बापाने आज त्याला शाळेत धाडलेच पाहिजे. गणपती विद्येची देवता. तो घडवणाऱ्या घरातलेच मूल विद्येला मुकले, तर त्या मूर्तीला आपण कोणत्या तोंडाने हात जोडायचे?