उंबरठा नसलेला व्यवसाय

झाशीहून ग्वाल्हेरकडे निघाले की राष्ट्रीय महामार्ग ४४ वर तीसेक किलोमीटरवर दतिया लागते आणि डबरा मागे पडले की टेकनपूर. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय दतियात आहे. टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत १९७० पासून राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र चालते. कुत्र्याच्या शरीराचे शास्त्र आणि त्याला शिकवण्याचे शास्त्र, दोन्ही सत्तरेक किलोमीटरच्या आत. तरीही झाशीतल्या एखाद्या शिक्षिकेने किंवा बँकेतल्या माणसाने चाळिशीत ठरवले की आता कुत्रे शिकवायचे, तर कोणाकडे आणि किती काळ शिकायचे याचे उत्तर त्याला या रस्त्यावर मिळत नाही. टेकनपूर सुरक्षा दलांसाठी आहे, महाविद्यालय पशुवैद्य घडवते. घरातल्या कुत्र्याला माणसात राहायला शिकवणारा प्रशिक्षक मात्र कुठेच घडत नाही. तो आपला आपण होतो.

कायद्यानेही त्याला विचारलेले नाही. कुत्र्यांची पैदास करायची तर २०१७ चे नियम आहेत आणि राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पाळीव प्राण्यांचे दुकान काढायचे तर २०१८ चे नियम आहेत. उपचार करायचे तर १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. प्रशिक्षकासाठी असा वेगळा कायदा नाही. कार्ड छापले, दोन पट्टे घेतले, की झाला ट्रेनर. त्याने शिकवण्याच्या नावाखाली जनावराला बडवले, तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आडवा येतो खरा. पण त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. तेवढ्यात आज एक बरा पट्टाही येत नाही.

म्हणून नव्यांना दारातच अडवावे, असे काही जुन्यांचे म्हणणे असते. हे मासिक त्यांच्या बाजूचे नाही. या व्यवसायाचा इतिहासच दुसरीकडून आलेल्यांचा आहे. १९१० मध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिणारा कॉनराड मोस्ट जर्मन पोलिसात अधिकारी होता. मॅरियन आणि केलर ब्रेलँड हे बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी. विद्यापीठातली सरळ वाट सोडून त्यांनी १९४० च्या दशकात प्राणी शिकवण्याचा धंदाच काढला आणि कोंबड्यांपासून सुरुवात केली. धंद्यात उतरल्यामुळेच त्यांना दिसले, की नाणे पेटीत टाकायला शिकवलेले रॅकून ते सोडायलाच तयार होत नाही, दोन्ही पंजांत धरून चोळत बसते. डुकरे तेच नाणे नाकाने उकरत राहतात. बक्षिसाच्या जोरावर काहीही शिकवता येते, या गुरूच्या सिद्धांतापुढे जन्मजात सवय उभी राहते, हे त्यांनी १९६१ मध्ये लिहिले. कॅरन प्रायर हवाईत डॉल्फिनना शिट्टीवर शिकवत होत्या. पोहून निघून जाणाऱ्या प्राण्याला साखळी घालता येत नाही, हा धडा तिथून कुत्र्यांपर्यंत आला. आणि जॉन पिली? मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पंच्याहत्तरीच्या घरात असताना, २००४ मध्ये, त्यांनी चेसर ही बॉर्डर कोली जातीची कुत्री आणली आणि तिला एक हजार बावीस खेळणी नावाने ओळखायला शिकवली. त्यावरचा शोधनिबंध २०११ मध्ये आला. वयाची सबब सांगणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आपल्याकडेही या कामाची दखल घेतली जाऊ लागली आहे. मुंबईच्या श्वानप्रशिक्षक शिरीन मर्चंट यांना २०१८ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते ‘फर्स्ट लेडीज’ सन्मान मिळाला. पण नव्या माणसाला ओढून आणणारी चित्रे बहुधा पोलिसी असतात. पुण्यात शिकलेल्या आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून देणाऱ्या झंजीरची गोष्ट मराठी घरात कोणाला सांगावी लागत नाही. बीड पोलिसांच्या रॉकीने तीनशेहून अधिक प्रकरणांत मदत केली होती; त्याला मानाने निरोप दिला गेला आणि ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. सीमा सुरक्षा दलाने तयार केलेली मुधोळ हाउंड रिया तर २०२४ च्या लखनौच्या अखिल भारतीय पोलिस मेळाव्यात परदेशी जातींना मागे टाकून पहिली आली. घोरपड्यांच्या मुधोळचे नाव अशा जागी ऐकून कोणाची छाती फुगणार नाही?

ही चित्रे खरी आहेत, पण ती दुसऱ्या कामाची आहेत. दलात कुत्रे निवडून घेतात, न जमणारे बाजूला काढतात, आणि हँडलर व कुत्रा यांची जोडी महिनोन्‌महिने एकत्र तयार होते. झाशीसारख्या छावणीच्या शहरात असे निवृत्त हँडलर हा मोठाच ठेवा. त्यांच्याकडे वेळेची शिस्त असते, रोजची नोंद ठेवायची सवय असते आणि कुत्र्याच्या कानाची हालचाल वाचणारी नजर असते. त्यांच्यातले जे खाजगी प्रशिक्षणात उतरतात त्यांना पहिला धक्का बसतो तो घरात. तिथे कुत्र्याला ‘अपात्र’ म्हणून परत पाठवता येत नाही आणि हँडलर एक नसतो, पाच असतात.

सिव्हिल लाइन्समधल्या कोणत्याही घरात हे पाहायला मिळेल. सात-आठ महिन्यांचा लॅब्राडोर. बेल वाजली की तो दाराकडे झेपावतो आणि आलेल्या माणसाच्या छातीवर पंजे ठेवतो. आजोबा दोन्ही हातांनी त्याला मागे ढकलतात. त्याला वाटते, खेळ सुरू झाला. नातू ओरडतो, त्याला वाटते, हाही सामील झाला. सूनबाई वैतागून बिस्किट टाकतात, म्हणजे उडी मारल्याची मजुरी रोख मिळाली. इथे चांगला प्रशिक्षक पहिल्या दिवशी कुत्र्याला फारसे काही सांगतच नाही. तो पाहुणा नसताना बेल वाजवतो, पुन्हा वाजवतो, इतक्या वेळा की बेलचे अप्रूप संपावे. चारही पाय जमिनीवर असलेला क्षण पकडून तो ‘शाब्बास’ म्हणतो आणि खाऊ वरून न देता फरशीवर, पंजांच्या मधोमध ठेवतो, म्हणजे तोंड खालीच राहते. शब्द एका सेकंदानेही उशिरा आला तर कुत्र्याने तोवर उडी घेतलेली असते आणि शाबासकी उडीला जाते. मग खाऊची पिशवी आजोबांच्या हातात. लॅब्राडोरला हे एका संध्याकाळी उमगू लागते. आजोबांना तीन आठवडे लागतात आणि खरी फी त्या तीन आठवड्यांची असते.

म्हणूनच शिक्षकी पेशातून, नर्सिंगमधून, विक्रीच्या कामातून आलेले लोक या धंद्यात रिकाम्या हातांनी येत नाहीत. ‘मला माणसांचा कंटाळा आला, म्हणून कुत्र्यांकडे वळतोय’ असे सांगणाऱ्याला मात्र ज्येष्ठांनी प्रेमाने दुसरा मार्ग दाखवावा.

आता थोडे कडू. ‘कुत्र्याला बॉस कोण ते दाखवा’ हा पाठ अजून सर्रास दिला जातो, बहुधा गळा आवळणाऱ्या साखळीसकट. त्याचे मूळ १९४७ मध्ये पिंजऱ्यातल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवर झालेल्या निरीक्षणात आहे. ज्यांच्या १९७० च्या पुस्तकाने ‘अल्फा’ची कल्पना घरोघर नेली, त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिले की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे मुख्यतः आईबाप आणि त्यांची पोरे. अमेरिकेतल्या पशुवैद्यक वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्वच्छ भूमिका घेतली: आक्रमक कुत्र्यासाठीसुद्धा बक्षिसावर आधारलेलीच पद्धत वापरावी. गुरगुरणे मारून बंद केले की चावा बंद होत नाही, फक्त चाव्याची पूर्वसूचना बंद होते. आपल्यातल्या ज्येष्ठांनी हे वाचलेले नसेल तर नव्यांना दोष देण्याचा हक्क त्यांना नाही.

नव्यांनी शिकायच्या बाकीच्या गोष्टी फारशा गाजत नाहीत. पिल्लाला जग दाखवण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा असतो आणि नेमके तेव्हाच लसीकरण अर्धवट असते, म्हणून डॉक्टरांशी बोलून, पिल्लाला कडेवर घेऊन बाजार दाखवावा लागतो. शांत कुत्रा अचानक चावू लागला तर आधी कान, दात, सांधे तपासून घ्यायचे. दुखणाऱ्या जनावराला ‘बस’ शिकवणे हा मूर्खपणा आहे. मे-जूनमध्ये झाशीचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा सकाळी सातनंतर डांबरावर नेलेला पग शिकत नाही, तो धापा टाकत जीव वाचवत असतो. स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यावी. चावल्यावर घ्यायची इंजेक्शने त्यानंतरही टळत नाहीत, फक्त कमी होतात.

पैशांचेही बोलायला हवे. काम सकाळ-संध्याकाळचे, उन्हाळ्यात आणखी आखडलेले. आजारी पडलात तर त्या दिवसाची कमाई नाही. कुत्रा सुधारला की गिऱ्हाईक संपते, त्यामुळे पुढचे काम मागच्या घराच्या शब्दावर येते. नोकरीचा राजीनामा शेवटी द्यावा, आधी शनिवार-रविवार द्यावेत.

द्यावेत, पण कोणाकडे? इथे चेंडू आपल्या अंगणात आहे. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर निदान एवढे आपण करू शकतो: प्रत्येक ज्येष्ठ प्रशिक्षकाने वर्षाला एक शिकाऊ सोबत घ्यावा. पहिले काही महिने त्याने फक्त पाहावे, नोंद लिहावी, पट्टा हातात घेऊ नये. प्रत्येक गिऱ्हाइकाला कोणती पद्धत वापरणार, कोणती साधने वापरणार नाही आणि किती भेटी लागतील, हे लेखी द्यावे. ‘शंभर टक्के हमी’ हा शब्द कार्डावरून काढावा. निवृत्त हँडलरने वर्तनशास्त्राचे पुस्तक उघडावे आणि पुस्तकी नवशिक्याने हँडलरच्या मागे पहाटे मैदानात उभे राहावे. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

झाशी, दतिया, डबरा आणि ग्वाल्हेर पट्ट्यातल्या ज्या प्रशिक्षकांना, निवृत्त हँडलरना आणि पशुवैद्यांना असा शिकाऊ घ्यायची तयारी असेल, त्यांनी आपले नाव, कामाचा अनुभव आणि पद्धत चार ओळींत लिहून संपादकीय पत्त्यावर पाठवावी. गळा आवळणारी साखळी वापरणाऱ्यांची नावे या यादीत घेतली जाणार नाहीत. यादी पुढच्या अंकापासून छापू.