‘आज रोख, उद्या उधार’ कोणासाठी?

कवठे महांकाळ असो वा तासगाव, दुकानाच्या गल्ल्यामागे ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी कोठे ना कोठे दिसतेच. वाचणारा ज्या दिवशी ती वाचतो तो दिवस ‘आज’च असतो, म्हणून उधारीचा दिवस कधी उगवत नाही. भांडण न करता नकार देण्याची ही व्यापारी चतुराई आहे, आणि लहान दुकानदाराला त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. त्यालाही वरचा ठोक व्यापारी थांबू देत नाही.

शेतकऱ्याला मात्र ही पाटी आपल्या बांधावर लावता येत नाही. ऑक्टोबर छाटणीपासून दावण्या-भुरीच्या फवारण्यांपर्यंतचा खर्च तो रोखीने करतो, नाहीतर व्याजाने. पुढे बाहेरगावचा व्यापारी दलालाबरोबर बागेत येतो. पहिल्या गाडीचे पैसे रोख, दुसरीला धनादेश, आणि तिसरी भरली की त्याचा फोन बंद! ही कहाणी आपल्या भागाला नवी नाही.

शहाणे लोक याला शेतकऱ्याचा भोळेपणा म्हणतात. ते आम्हांस मान्य नाही. पिकलेले द्राक्ष वेलीवर थांबत नाही, तोडलेला ऊस दिवसागणिक वजनाला घटतो. ज्याच्या अंगी थांबण्याची ताकद, पाटी त्याची. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो शीतगृहात कित्येक महिने टिकतो आणि तेवढी सवड उत्पादकाला मिळते. परंतु सोसायटीचा हप्ता आणि शीतगृहाचे भाडे थोडेच थांबते?

उसाच्या बाबतीत 1966 च्या नियंत्रण आदेशाने या ‘उद्या’ला तारीख नेमून दिली: 14 दिवसांत पैसे, न दिल्यास दरसाल 15 टक्के व्याज. ते व्याज मागणारे सभासद किती निघतात, हा प्रश्न निराळा. द्राक्षाला तेवढाही आधार उरलेला नाही. 2016 साली बाजार आवाराबाहेरच्या फळे-भाजीपाल्याच्या व्यवहारावरील बाजार समितीचे नियंत्रण राज्य सरकारने उठविले. 2020 च्या केंद्रीय कायद्याने तर केवळ पॅन कार्डावर खरेदीची मुभा दिली होती. शेतकऱ्यांच्या लढ्यामुळे 2021 मध्ये तो मागे घ्यावा लागला.

1875 साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, कारण कागद सावकाराच्या बाजूचा होता. आज द्राक्ष उत्पादक स्वतःच धनको आहे, आणि त्याच्याजवळ कागदच नाही.

हंगाम जानेवारीत सुरू होतो. त्याआधी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी बागायतदारांचे गट बांधून एवढे ठरवून घ्यावे: व्यापाऱ्याचे नाव-पत्ता, गाडीचा क्रमांक, वजन व दर लिहून सही घेतल्यावाचून गाडी हलणार नाही, आणि एकाचे पैसे थकले, तर त्या व्यापाऱ्याला गावातील कोणाचीही बाग मिळणार नाही.