उचल कोण ठरवतं?

मे महिन्यात धडगाव परिसरात पाड्यापाड्यांवर कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या दिसतात. आमचूर तयार झाला की घराघरात वाद ठरलेला: आजच्या भावाला देऊन मोकळं व्हायचं, की भाव चढायची वाट पाहायची? आभाळ भरून आलं तर माल काळा पडणार. आमच्या शेजारच्या पावरा घरात नवऱ्याला लगेच निकाल हवा असतो. बायको चार व्यापाऱ्यांना विचारल्याशिवाय हलत नाही. आमच्याकडे उलटं. मी आधी ठरवते, कारणं मागाहून शोधते. यजमान मात्र साध्या बादलीसाठी अख्खा बाजार पालथा घालतात.

रॉबर्ट स्टर्नबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विचार करण्याच्या पद्धती राज्यकारभाराच्या धर्तीवर मांडल्या. कुणी नवे नियम घडवतो, कुणी घालून दिलेल्या वाटेने चोख चालतो, कुणी पारख करत बसतो. ही हुशारीची मोजणी नाही, असलेली हुशारी वापरायची ज्याची त्याची आवड आहे, असं ते सांगतात. हे वाचल्यापासून स्थळं पाहणाऱ्यांची ‘विचार जुळले पाहिजेत’ ही अट मला भाबडी वाटते. दोघेही पारखी निघाले तर आमचूर पावसात भिजेल, दोघेही उतावळे निघाले तर मातीमोल जाईल!

संसारातलं समाधान दुसरीकडेच गळतं. एकाने विचार केला की तो निर्णय, दुसरीने केला की कटकट. ऊसतोड पाहा. दिवाळीच्या सुमारास इथली कितीतरी जोडपी गुजरातेत जातात. या धंद्यात नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरली जाते. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते आणि पहाटे उठून भाकरीही तीच थापते. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना मात्र बहुतेकदा तो एकटाच बोलणी करतो. पोराची शाळा सुटेल, म्हातारीकडे कोण पाहील, मागची उचल फिटली का, हे सगळं तिच्या डोक्यात केव्हाचं चाललेलं असतं. विचारतो कोण?

लग्न ठरतानाही हाच प्रश्न उरतो. भिल्ल-पावरा या आदिवासी समाजात मुलीच्या बापाला हुंड्यासाठी कर्ज काढावं लागत नाही. उलट देज, म्हणजे वधूमूल्य, वराकडचे देतात. १९५५चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे लग्न जुळवणं-मोडणं बरंचसं पंचांसमोर चालतं. न पटलेलं लग्न मोडता येणं ही मी मोठी गोष्ट मानते. पण पंच म्हणून बसतात ते बहुतेक पुरुषच. देजाचा आकडा तासन्‌तास घासला जातो. पुढे घरातले व्यवहार कुणी कसे ठरवायचे, हा विषय निघत नाही. (शहरातल्या साखरपुड्यात तरी कुठे निघतो म्हणा.)

पावसाळ्यात हात रिकामे असताना मुकादम पाड्यावर येतो. यंदा आला तर त्याला चहा पाजा, पण उत्तर दुसऱ्या दिवशी द्या. त्या रात्री बायकोला विचारा आणि तिचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका.