वाढत्या शहराच्या नकाशात आपण कुठे?



गेल्या महिन्यात पुण्यात नऱ्ह्याच्या एका वस्तीत आमची बैठक होती. विषय ठरला होता रेशनचा, पण बोलणं सुरू झालं ते मेट्रोवरून. स्वयंपाकाची कामं करणाऱ्या एक मावशी आदल्या रविवारी नातीला घेऊन स्वारगेटहून पिंपरीपर्यंत मेट्रोनं जाऊन आल्या होत्या. कामाला नाही, नुसतं बघायला. "ताई, आत गार वाटतं. कुणी अंगावर येत नाही, ढकलत नाही. सगळं शहर असंच झालं तर काय बिघडलं?" सगळ्या हसल्या. मग कुणीतरी विचारलं, "आणि स्वारगेटपासून घरी कशा आलात?" मावशी म्हणाल्या, "पाऊण तास बसची वाट बघितली. शेवटी शेअर रिक्षा केली. अंधार पडला होता, पोरगी बरोबर होती."

त्या दिवशी रेशनचा विषय राहूनच गेला.

विकास हा शब्द ऐकला की आपल्यासारख्या चळवळीतल्या बायकांच्या कपाळाला आठी पडते. तशी ती पडायला कारणंही आहेत. रस्ता रुंद होतो तेव्हा भाजीवालीची जागा आधी जाते, आणि ओढा 'सुधारतो' तेव्हा काठावरची घरं आधी पडतात. तरीही मला मनापासून वाटतं, ते सांगते. मला मोठं शहर हवं आहे. बाईला शहरानं पुष्कळ दिलं आहे. 1848 साली मुलींची शाळा याच शहरात, भिडेवाड्यात भरली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून निघालेल्या किती जणींना इथे काम मिळालं, खोली मिळाली! तू कुणाची, कोणत्या जातीची, एकटी का राहतेस, हे प्रश्न गावापेक्षा इथे थोडे कमी विचारले जातात. आपल्या मुली वसतिगृहात राहून शिकतात, रात्रपाळी करतात. शहर वाढावं, त्यात मेट्रो यावी, नदी स्वच्छ व्हावी, असं आपल्याला वाटलं तर त्यात चूक काहीच नाही. स्वप्नं बघण्याचा मक्ता बिल्डरांना कुणी दिला?

प्रश्न एवढाच आहे, की हे शहर कुणाचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून आखलं जातं?

पुण्याचंच बघा. 2017 साली धायरी, उंड्री, शिवणे, लोहगाव अशी 11 गावं महापालिकेत आली. 2021 साली नऱ्हे, वाघोली, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक अशी आणखी 23 गावं आली आणि ही महापालिका क्षेत्रफळानं मुंबईपेक्षाही मोठी झाली. मार्च 2022 मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, सप्टेंबर 2024 मध्ये ती जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोचली. नदीकाठ सुधारण्याचा 44 किलोमीटरचा प्रकल्प हाती घेतला गेला. हे सगळं मोठं आहे, नजरेत भरणारं आहे. पण जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला, गुलेन बारे आजाराची साथ आली. पुणे परिसरात संशयित रुग्णांचा आकडा 200 च्या वर गेला आणि संशयाचं बोट पाण्याकडे गेलं. शहराच्या हद्दीत येऊन कित्येक वर्षं झालेल्या घरांमध्ये बायका पुन्हा पाणी उकळत बसल्या, टँकरच्या मागे धावल्या. आजारी माणसाच्या उशाशी कोण होतं, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणजे हद्द आधी आली आणि नळ मागून येतो आहे. मधल्या वर्षांची हमाली बाईच्या डोक्यावर.

पुराचंही तेच. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसं वाहून गेली. जुलै 2024 मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं. गाळ उपसणं, भिजलेलं धान्य वाळवणं, पंचनाम्यासाठी कागद शोधणं, हे सगळं कुठल्याच प्रकल्पाच्या हिशेबात धरलं जात नाही.

आता बस घ्या. पुरुषाचा प्रवास बहुधा सरळ असतो, घर ते काम आणि काम ते घर. बाईचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा. मुलाला शाळेत सोडायचं, मग पहिलं काम, तिथून दुसरं, येताना दवाखाना नाहीतर मंडई. जवळजवळचे टप्पे, पण प्रत्येक टप्प्याला वेगळं तिकीट. म्हणून तिला लागतो पास. 1 जून 2025 पासून पीएमपीएमएलचा दिवसाचा पास 40 रुपयांवरून 70 वर गेला, महिन्याचा 900 वरून 1500 वर. कमीत कमी तिकीट 5 वरून 10 रुपये झालं. एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे गावी जाताना सवलत आणि रोज कामाला जाताना दुप्पट भाडं! ज्यांनी हे ठरवलं त्यांच्यापैकी कितीजण बसनं कामावर येतात?

मैत्रिणींनो, हे सगळं कुठेतरी कागदावर आखलं जातं. त्या कागदाचं नाव विकास आराखडा. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार तो तयार होतो. शाळा, दवाखाना, प्रसूतिगृह, मैदान, मंडई, रस्ता यांसाठी कोणती जागा राखून ठेवायची ते त्यात ठरतं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना मुदतीत लेखी हरकती आणि सूचना देता येतात, त्यावर सुनावणी होते. इथवर ठीक. पण याच कायद्याचं 127 वं कलम आपल्या सगळ्यांना पाठ हवं. आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत राखीव जागा ताब्यात घेतली नाही, तर जागामालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण उठतं. नकाशात ज्या ठिकाणी प्रसूतिगृह होतं तिथे मग इमारत उभी राहते, आणि बाळंतपणासाठी बाई दोन बस बदलून दूरच्या दवाखान्यात जाते. हे काही कुणी चोरून करत नाही. आपण बेसावध असतो, तेवढ्यात कायदेशीरपणे होऊन जातं.

आपण सावध असलो तर काय होतं, याचे दाखले आपल्याजवळच आहेत. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 80 हजारांहून अधिक हरकती गेल्या, टेकड्या आणि मोकळ्या जागांसाठी लोक भांडले. मुंबईत 2034 पर्यंतच्या आराखड्याचं काम चालू होतं तेव्हा स्त्री संघटना, नियोजनकार अशा अनेकजणी एकत्र बसल्या. 2018 मध्ये मंजूर झालेल्या त्या आराखड्यात नोकरदार स्त्रियांसाठी निवास आणि आधार केंद्र अशा गोष्टींना जागा मिळाली. आणि आपल्या कचरावेचक बहिणी! 1993 साली त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढे 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढून दारोदारचा कचरा गोळा करण्याचं काम महापालिकेकडून हक्कानं मिळवलं. एका अख्ख्या शहराची व्यवस्था कशी चालवायची ते त्यांनी शिकवलं. कंत्राटदाराला काम द्यावं की त्यांना, या वादात त्यांना आजवर पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं, हेही विसरू नका. मिळालेलं टिकवायलाही संघटनाच लागते.

आज हे सगळं लिहिण्याचं कारण असं, की वेळ आपल्या बाजूची आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेला पीएमआरडीएचा प्रारूप आराखडा हजारो हरकतींनंतर 2025 मध्ये सरकारनं रद्द केला. म्हणजे शहराभोवतालच्या मोठ्या भागाची पाटी पुन्हा कोरी झाली. मार्च 2022 पासून पुणे महापालिका प्रशासकाच्या हाती होती. निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. आता सभागृहात निम्म्या जागांवर बायका आहेत. राखीव जागेवरून निवडून आलेली बाई घरच्यांच्या सांगण्यावरून चालते, अशी कुजबूज आपणही कधीकधी करतो. ती थांबवू या आणि तिच्याकडे आपल्या वस्तीचा नकाशा घेऊन जाऊ या. तिलाही पाठीशी कुणीतरी लागतं.

त्या बैठकीत नऱ्ह्याच्या बायकांनी एक काम सुरू केलं. वहीच्या दोन पानांवर त्यांनी आपला दिवस काढला. नळ कुठे, बसथांबा कुठे, कुठल्या वळणावर दिवा नाही, धंद्याला बसणाऱ्या बायकांना लघवीला जायला कुठेच सोय कशी नाही, तान्ह्या पोराला सोडायचं कुठे. मेट्रोच्या मावशींनी पेन घेऊन स्वारगेटपासून वस्तीपर्यंत एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "इथून इथपर्यंत दर दहा मिनिटांना बस. बाकी तुमची मेट्रो झकास आहे." एवढी साधी मागणी कुठल्याच सल्लागार कंपनीच्या जाडजूड अहवालात आम्ही वाचलेली नाही.

तुमच्या गटानंही हे करावं, एवढीच या अंकाची विनंती. तुमचं शहर नाशिक असेल, नागपूर असेल, नाहीतर नुकतीच नगरपालिका झालेलं एखादं गाव असेल. वस्तीत बसा, दिवस काढा, नकाशा काढा. नगररचना विभागात जाऊन तुमच्या भागातली आरक्षणं बघून या, कुठल्या आरक्षणाची दहा वर्षं संपत आली ते लिहून ठेवा. पाळणाघर, स्वच्छतागृह, नळ, पथदिवे, परवडणारी बस आणि कामाच्या जवळचं घर, या मागण्या विकासाच्या आड येत नाहीत. मोठ्या शहराचा पाया याच गोष्टींवर उभा राहतो.

काढलेला नकाशा आम्हांला जरूर पाठवा. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी मोकळी ठेवली आहेत.

तुमच्याच,
संपादक मंडळ