पडद्यापलीकडची व्हिस्की, अलीकडचे घर

टाळेबंदीत पब बंद पडले आणि व्हिस्की चाखण्याच्या बैठका संगणकाच्या पडद्यावर आल्या. तीन-चार आयरिश व्हिस्कींचे छोटे नमुने समोर ठेवायचे आणि जाणकार सांगेल तसा एकेकीचा रंग, वास, चव ताडून पाहायची. टाळेबंदी संपली तरी ही रीत टिकली. गोंदियाला लागून असलेल्या, प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या नागरा गावातल्या एखाद्या नोकरदारालाही आज मोबाइलवरून अशा बैठकीत बसता येईल. त्याने बसावे का?

बसण्याच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. मुख्य म्हणजे अशा बैठकीत दारूपेक्षा माहिती जास्त मिळते. आयरिश व्हिस्की आयर्लंडच्या बेटावरच लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते, असा १९८० चा कायदा आहे. तिकडच्या अनेक भट्ट्या ती तीनदा ऊर्ध्वपातित करतात. मोड आणलेल्या सातूवर कर बसला म्हणून त्यात मोड न आणलेला सातू मिसळला जाऊ लागला आणि त्यातूनच तिथली खास चव जन्मली. १८३० साली एनियस कॉफी या आयरिश माणसाने सलग चालणाऱ्या भट्टीचे पेटंट घेतले. डब्लिनच्या मोठ्या कारखानदारांनी ती नाकारली, स्कॉटलंडने उचलली. पुढे इतर कारणांचीही भर पडली आणि १९७० च्या दशकात साऱ्या बेटावर मिडलटन आणि बुशमिल्स या दोनच भट्ट्या चालू उरल्या. शेती, कर आणि व्यापार यांचा इतका इतिहास एका पेल्याभोवती उलगडत असेल, तर ते ऐकणे वाया जाणार नाही. शिवाय प्रमाणाची शिस्त असते. पंधरा मिलिलिटरचे चार नमुने म्हणजे सारे मिळून एक मोठा पेग.

आक्षेपही तितकेच खरे आहेत, आणि मला ते अधिक जड वाटतात. कोणत्याही प्रमाणातली दारू आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्याहून जवळचा प्रश्न घराचा. बैठक संपते, पडदा बंद होतो, उरलेली बाटली मात्र घरातच राहते. चौथ्या नमुन्यानंतर पाचवा ओतला तर थांबवणारे समोर कुणी नसते. आपल्या भागात दारूने घरे कशी बसली हे बायकांना पुस्तकात वाचावे लागत नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे ती लोकचळवळीच्या रेट्यामुळे, आणि मतदानात आडवी बाटली निवडून गावातले दारूचे दुकान बंद पाडणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायका हौसेखातर रांगेत उभ्या राहिल्या नव्हत्या. पोरे अभ्यासाला बसली आहेत त्याच खोलीत बाप पेला हलवून वास घेतो, हे संस्कृतीचे लक्षण म्हणून मला पटत नाही.

कायद्याचाही विचार हवा. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवाना लागतो. कुरिअरने परराज्यातून नमुन्यांच्या शिश्या मागवणे हा तर सरळ धोका पत्करणे आहे. परवानाधारक दुकानातून रीतसर विकत घेतलेली बाटली, एवढाच सरळ मार्ग उरतो.

या बैठकीचा खरा उपयोग मला वेगळाच दिसतो. आयर्लंडमध्ये पोटीन नावाची घरगुती दारू आहे. १६६१ पासून ती बेकायदा ठरली, डोंगरकपारीत चोरून गाळली गेली आणि १९९७ मध्ये देशातल्या विक्रीसाठी पुन्हा कायदेशीर झाली. आज तिला भौगोलिक ओळखीचे संरक्षण आहे. आता आपल्याकडे बघा. देवरी, सालेकसाच्या रानात चैत्रात पहाटे मोहफुले टपटप गळतात, आदिवासी कुटुंबे ती वेचतात, वाळवतात, खातात आणि गाळतातही. मुंबई इलाख्यात तर इंग्रजांनी १८९२ मध्ये मोहफुलांवर स्वतंत्र कायदाच केला होता. शेजारच्या मध्य प्रदेशाने अलीकडे मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून परवाने दिले. आपल्याकडे मात्र पहिल्या धारेची म्हटली की पोलिसांचा छापा डोळ्यांसमोर येतो, आणि परदेशी बाटली दिसली की प्रतिष्ठा. हा दुटप्पीपणा आहे. उघड्यावर, तपासणीविना गाळलेली हातभट्टी जीव घेते हेही तितकेच खरे. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. आयरिश लोकांनी पिंप, वर्षे आणि धान्य कायद्यात लिहून घेतले. तशी शिस्त आपल्याकडे मोहाला कुणी लावलीच नाही.

म्हणून माझे मत असे. ज्याचे वय, परवाना आणि प्रकृती आड येत नाही आणि ज्याच्या घरच्यांना मनापासून हरकत नाही, त्याने ठरलेल्या मापात, पोरे समोर नसताना, अशी बैठक जरूर अनुभवावी. जो पीत नाही त्याने रिकाम्या पेल्यानिशी नुसते ऐकावे. इतिहास तेवढाच मिळेल. ज्याच्या घरात दारूने एकदा दुःख दिले आहे, त्याने मात्र या वाटेला जाऊ नये. आणि जे बसतील त्यांनी तिकडच्या जाणकाराला मोहाबद्दल जरूर सांगावे. आपल्या सरकारकडे मोहासाठी गुणवत्तेचा, वेचणाऱ्याच्या हक्काचा आणि मर्यादेचा नियम मागावा.