हिवाळा अंगी लागलाय!

"हिवाळा अंगी लागलेला दिसतोय तुझ्या!"

वर्षाच्या सुरुवातीला, क्लबच्या मैदानावर सरावाचा पहिला दिवस उजाडला की आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. कुंपणाला रेलून उभे असलेले एखादे आजोबा, हातात बूट घेऊन आत येणाऱ्या पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि अगदी शांतपणे हे बोलून मोकळे होतात. मूळचा हा गुराढोरांचा वाक्प्रचार. थंडीचे महिने गोठ्यात काढून बाहेर पडलेली गाय तुकतुकीत दिसली की शेतकरी समाधानानं असं म्हणतो. माणसाला म्हटलं की त्याचा अर्थ एवढाच, की बाबा रे, नाताळातला केक तुझ्या पोटावर दिसतोय!

दुसऱ्या दिवशी तो पोरगा जिममध्ये हजर.

आता तुम्ही म्हणाल, जिम तर आमच्या गल्लीच्या तोंडावरही आहे. त्यात आयर्लंडचं काय कौतुक? कौतुक आहे ते तिथल्या बोलण्याचं. जिममध्ये माणसं बहुधा आरशाशी बोलतात. तिथं मात्र शेजारशेजारच्या ट्रेडमिलवर घामाघूम झालेले दोघं रविवारच्या मॅचवरून हमरीतुमरीवर आलेले असतात. अंगात आपापल्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची म्हणा ना, जर्सी. केरीची हिरवी-सोनेरी, मेयोची हिरवी-तांबडी, कॉर्कची लालभडक, किल्केनीची काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. नाव-गाव विचारण्याआधीच जर्सी बोलून जाते.

हे वेड समजून घ्यायचं तर थोडं मागं जायला हवं. 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात मोजकी माणसं जमली. मायकेल क्युसॅक हा शिक्षक आणि मॉरिस डेव्हिन हा नावाजलेला खेळाडू त्यांत पुढे होते. राज्य इंग्रजांचं, खेळही इंग्रजांचे. आपले जुने खेळ मरायला टेकलेत, ते जगवायचे, या ईर्ष्येनं गेलिक अॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे तिचे दोन मुख्य खेळ. फुटबॉलमध्ये चेंडू हातानंही झेलता येतो, पण हातात घेऊन चार पावलांपलीकडे पळायचं नाही. तो जमिनीवर टप्पा तरी घ्यायचा, नाहीतर पायानं उडवून पुन्हा झेलायचा. हर्लिंग म्हणजे अॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट अशी काठी आणि छोटा, कातडी चेंडू. हा चेंडू डोक्याच्या उंचीवर हवेत असताना दोन्हीकडचे गडी त्यावर काठ्या चालवतात! हेल्मेट सर्वांना सक्तीचं झालं ते थेट 2010 मध्ये. त्याआधीच्या दातांचं काय झालं असेल, याचा विचार न केलेला बरा.

आणि ही नुसती करमणूक नाही. 21 नोव्हेंबर 1920 ला डब्लिनच्या क्रोक पार्कवर डब्लिन-टिपरेरी सामना चालू असताना ब्रिटिश शिपाई-पोलिसांनी गोळीबार केला. चौदा जणांचा बळी गेला. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. आज त्याच मैदानात 82,300 माणसं मावतात, आणि तिथल्या मुख्य स्टँडला होगनचं नाव आहे. आजोबा नातवाचा हात धरून त्या स्टँडमध्ये बसतात, तेव्हा सामन्याआधी ही गोष्ट सांगितली जातेच.

आता त्यांच्या गप्पा. पहिली खूण म्हणजे 'आपण' हा शब्द. "आपण हरलो", "पंचानं आपल्याला बुडवलं". बोलणारा साठीचा, गुडघे धरलेला. पण तो संघातच आहे. दुसरी खूण, जुना हिशेब कधी मिटत नाही. गोलपोस्टच्या आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक. (2025 पासून फुटबॉलमध्ये लांबून, चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारला तर दोन. या नियमावर झालेल्या वादात किती चहा थंड झाला असेल!) धावफलकावर गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात. 1982 च्या फुटबॉल फायनलमध्ये केरी 0-17, ऑफली 1-15. म्हणजे सतरा विरुद्ध अठरा. केरी लागोपाठ पाचव्यांदा विजेती होणार म्हणून गाणीसुद्धा तयार होती. सामना संपायला जेमतेम दोन मिनिटं उरली असताना ऑफलीच्या शेमस डार्बी या बदली खेळाडूनं गोल मारला. त्या क्षणी डार्बीनं केरीच्या बचावपटूला पाठीत ढकललं होतं की नव्हतं? चाळीसहून अधिक वर्षं झाली, निकाल अजून लागायचाय.

ताजा विषय हवा असेल तर 2025 ची हर्लिंग फायनल. मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे. दुसऱ्या अर्ध्यात कॉर्कला मिळाले फक्त दोन गुण, आणि टिपरेरीनं 3-27 विरुद्ध 1-18 असा धुव्वा उडवला. मध्यंतरात खोलीत काय झालं? कॉर्कच्या गड्यांचा दम कुठं गेला? यावर प्रत्येकाचं मत तयार. अशा मतवाल्यांसाठी आयरिश लोकांकडे एक झकास शब्द आहे: 'बांधावरचा हर्लर'. मैदानाच्या कडेच्या बांधावर बसून आत खेळणाऱ्याला शिकवणारा. सर्वांत उत्तम खेळाडू नेहमी बांधावरच असतो, असं ते स्वतःच हसत म्हणतात.

गंमत अशी, की 'दम' हा विषय या गप्पांत एवढा शिरला त्याला एक इतिहास आहे. 1974 मध्ये केविन हेफर्नन या प्रशिक्षकानं डब्लिनच्या मरगळलेल्या संघाला कवायतीला लावलं. तोवर कौशल्य मोठं, पळणं दुय्यम. डब्लिननं त्या वर्षी अजिंक्यपद पटकावलं आणि सगळ्या देशाला कळलं की तयारी म्हणजे काय. उत्तर आलं केरीकडून. मिक ओ'ड्वायर हा वॉटरव्हिल गावचा माणूस, स्वतः मोठा खेळाडू. त्यानं पोरांना मैदानाच्या या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत पळवलं, पुन्हा पळवलं. ज्यांचा हिवाळा जास्त अंगी लागलेला, त्यांना ज्यादा शिक्षा. ओन लिस्टन हा धिप्पाड तरुण त्यांतलाच. 1978 च्या मोसमात त्यानं वजन उतरवलं, आणि त्याच वर्षीच्या फायनलमध्ये एकट्यानं तीन गोल मारले. केरी 5-11, डब्लिन 0-9! ओ'ड्वायरच्या हाताखाली केरीनं आठ अजिंक्यपदं मिळवली. 2025 च्या एप्रिलमध्ये 88 व्या वर्षी तो गेला, तेव्हा गावोगावच्या पन्नाशी-साठीच्या पुरुषांना आपापल्या मैदानावरच्या त्या धावा आठवल्या असतील.

त्यानंतर जिम आलं, वजनं आली, आहारतज्ज्ञ आले. 2002 मध्ये आर्मानं पहिलंवहिलं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा चर्चा त्यांच्या दंड-छातीचीच अधिक.

इथं एक गोष्ट विसरू नका. या खेळाडूंना पगार नाही. ऐंशी हजारांसमोर खेळणारा गडी सोमवारी शाळेत गणित शिकवतो, बँकेत बसतो, नाहीतर गाईंचं दूध काढतो. खेळतोही तो राहत्या किंवा जन्मल्या ठिकाणासाठी. लिलाव नाही, बोली नाही. ऐकायला फार गोड वाटतं. पण 2018 मध्ये तिथल्या आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेनं काउंटी खेळाडूंची पाहणी केली, तेव्हा काय दिसलं? सराव, प्रवास, जिम, सामने मिळून हे लोक आठवड्याला 31 तासांपर्यंत वेळ देतात. नोकरी सांभाळून! तो वेळ येतो कुठून? झोपेतून, घरातून, अभ्यासातून. बायको-मुलांच्या वाट्याचा रविवार संपूर्ण काउंटीनं वाटून घेतलेला असतो. बांधावर बसून "पोरगा आळशी झालाय" म्हणणाऱ्याला हे ठाऊक असतं का? असतं, कारण बहुतेकदा तो त्याचा काकाच असतो. तरी म्हणतो. माझ्या मते या खेळाची ही सर्वांत अवघड बाजू आहे. गावाचं प्रेम नको म्हणता येत नाही.

सुदैवानं सगळ्यांनाच क्रोक पार्कवर जायचं नसतं. दोन हजारांहून अधिक क्लब आहेत, आणि क्लबच्या उतरंडीत अगदी खालच्या पायऱ्यांपैकी एक असते 'ज्युनियर बी'. नाव ज्युनियर; पण गडी कधी चाळिशीचे, टक्कल पडलेले, एका गुडघ्याला पट्टा. गोलजवळ उभा असलेला मनुष्य पळत नाही, चेंडू आपल्याकडे येण्याची वाट बघतो. त्यावर विनोदांची खैरात होते. पण मला विचाराल तर संपूर्ण संघटनेत आरोग्याचं खरं काम हीच मंडळी करतात. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरून फेब्रुवारीत गायब होणारे सगळ्या देशांत आहेत. ज्युनियर बीवाल्याला गायब होता येत नाही. चौदाच गडी जमले तर फोन खणाणतो.

तेव्हा चाळिशीत पुन्हा मैदानात उतरणाऱ्याला तिथले फिजिओथेरपिस्ट जे सांगतात, ते आपल्यालाही लागू आहे. गेलिक फुटबॉलमध्ये सर्वाधिक दुखतो तो मांडीमागचा स्नायू. एकदम वेग घेताना तो 'धरतो'. आरशात दिसणारे दंड फुगवून तो वाचत नाही. त्याचा एक साधा व्यायाम असा: गुडघे मऊ गादीवर टेकून ताठ राहायचं, कुणीतरी मागून घोटे घट्ट धरायचे, आणि कंबर न वाकवता शरीर हळूहळू पुढे झुकवत न्यायचं, तोल जाईल तिथं हात टेकायचे. फुटबॉलपटूंवरच्या पाहण्यांत यामुळे ही दुखापत कमी झालेली आढळली आहे. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, चार-पाच वेळाच. दुसऱ्या दिवशी जिना चढताना कारण कळेल. आणि खेळण्याआधी पंधरा मिनिटं अंग गरम करणं, एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं. या मंडळींना ते आता क्लबातच शिकवतात. वय चाळीसपुढचं असेल, घरात हृदयविकार किंवा मधुमेह असेल, तर मात्र आधी डॉक्टर, मग मैदान.

बायकांचं काय, हा प्रश्न तुमच्या ओठांवर असणारच. 2008 पासून तिथं एक उपक्रम चालतो. मुलाला सरावाला सोडून गाडीत बसून राहणाऱ्या आयांसाठी फुटबॉल. स्पर्धा नाही, निवड नाही, आधी कधी चेंडूला पाय लावला असण्याची गरज नाही. गाडीतून उतरलं की झालं! मैदानात हसणं जास्त, धावणं त्या मानानं कमी, पण दर आठवड्याला घाम येतो. त्यांच्या लेकीही मागं नाहीत. 2019 मध्ये महिला फुटबॉलच्या फायनलला क्रोक पार्कवर 56,114 प्रेक्षक होते.

पण कमोगी, म्हणजे बायकांचं हर्लिंग, तिथं 2025 पर्यंत एक विचित्र नियम होता: खेळताना स्कर्ट किंवा स्कर्टवजा चड्डीच घालायची. मुली सराव करायच्या शॉर्ट्समध्ये. सामन्यात मात्र स्कर्ट. त्या वर्षी मे महिन्यात डब्लिन आणि किल्केनीच्या मुली शॉर्ट्स घालून मैदानात आल्या. कपडे बदला, नाहीतर सामना होणार नाही, असं पंचांनी बजावलं. त्यांनी बदलले आणि खेळल्या. पण ते चित्र देशभर गेलं. जिम, स्वयंपाकघर, बस, सगळीकडे हाच विषय. 22 मे ला खास सभा भरली आणि 98 टक्के मतांनी ठरलं, की जिला जे हवं ते तिनं घालावं. इतकी वर्षं जे सुटत नव्हतं ते तीन आठवड्यांत सुटलं. म्हणजे गप्पांनाही कधीकधी फळ येतं म्हणायचं.

या देशाशी आपलं नातं अगदीच लांबचं नाही. 2017 मध्ये पंतप्रधान झालेले लिओ वराडकर हे मुंबईच्या डॉक्टर अशोक वराडकरांचे चिरंजीव. मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आज तिथल्या इस्पितळांत भारतीय परिचारिका आहेत, संगणकवाली मराठी जोडपी आहेत. आणि क्लबची दारं फक्त आयरिश आडनावांसाठी उघडी नाहीत. इराकमधल्या निर्वासित छावणीत जन्मलेला कुर्दी मुलगा झाक मोरादी 2002 मध्ये लेट्रिम काउंटीत आला, अकरा-बारा वर्षांचा असताना हातात हर्ली घेतली, आणि 2019 मध्ये क्रोक पार्कवर लेट्रिमकडून करंडक जिंकला.

हिवाळ्यात तिथं दुपारी साडेचारलाच अंधार पडतो. अशा वेळी अनेक क्लब मैदानाचे दिवे लावून कडेची पायवाट गावाला खुली करतात. फी नाही, वजनकाटा नाही. प्रॅममधलं बाळ, काठी टेकणारी आजी, पोट आत ओढून चालणारा ज्युनियर बीवाला, सगळे एकाच दिशेनं फेऱ्या मारतात. पहिल्या फेरीत पाऊस, दुसरीत कुणाचं दुखणं-खुपणं, आणि तिसरीपासून 1982 चा तो धक्का!